खाटभाऊ

सख्खा भाऊ असतो, चुलतभाऊ असतो, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ सगळे असतात. तेलाच्या विहिरींवर टँकर चालवणाऱ्यांना मात्र आणखी एक भाऊ असतो, तो म्हणजे खाटभाऊ. एक खाट, दोन माणसं. दिवसपाळीवाला सकाळी उठून गेला की रात्रपाळीवाला येऊन त्याच खाटेवर आडवा होतो, आणि संध्याकाळी तो उठून गेला की पहिला परत येतो. अंथरूण एक, उशी एक, झोपणारे दोन, आणि दोघांची साधी तोंडओळख नाही. आता ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते मला विचारू नका. ज्याच्या डोक्यातून निघाली तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर पाय पसरून झोपतो एवढं नक्की.

आपल्या गोष्टीतल्या माणसाला सगळे सावकाश म्हणायचे. खरं नाव लायसन्सवर होतं आणि लायसन्स ऑफिसात जमा होतं, तेव्हा ते कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तो टँकर सावकाश चालवायचा, सावकाश जेवायचा आणि बोलण्याआधी विचार करायचा, म्हणजे त्या कॅम्पात अगदीच वेगळा पडला. काम खारं पाणी वाहायचं. तेलाबरोबर विहिरीतून घाण, खारट पाणी वर येतं. ते टँकरमध्ये भरायचं, चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या हौदात नेऊन सोडायचं, की पुन्हा विहिरीवर. तेल काढणाऱ्यांचे फोटो छापून येतात. खारं पाणी वाहणाऱ्याचा फोटो फक्त त्याच्या ओळखपत्रावर असतो, आणि त्यातही तो झोपेतून उठवून आणल्यासारखा दिसतो.

राहायला डबा. घर म्हणा, खोली म्हणा, कंपनीच्या कागदावर 'चालक निवास' म्हणा, शेवटी तो पत्र्याचा लांबट डबाच. आत चार खाटा, म्हणजे आठ माणसं, एक खिडकी जी उघडत नाही आणि एक दार जे लागत नाही. दाराला आतून बूट टेकवून ठेवायचा. कुणाचा बूट, यावरून भांडणं व्हायची. आंघोळीला चाळीस माणसांमागे तीन नळ, त्यातला एक दुरुस्तीसाठी काढलेला. सावकाश नवीन होता तेव्हा त्याने कॅम्पच्या मुकादमाला विचारलं होतं, हा दुरुस्त कधी होणार? मुकादम म्हणाला, "काढून ठेवलाय ना? मग अर्धं काम झालं." सहा वर्षं झाली, उरलेलं अर्धं अजून व्हायचंय.

फाटकावर मोठी पाटी होती, 'तुमची झोप, आमची जबाबदारी'. ती जबाबदारी पार पाडायला दर सोमवारी सकाळी पाळी बदलायच्या आधी सभा भरायची. तिथे सुरक्षा साहेब गोड आवाजात समजावून सांगायचे की माणसाला रोज आठ तास झोप हवीच. हे ऐकायला दिवसपाळीवाल्यांना एक तास आधी उठवायचे आणि रात्रपाळीवाल्यांना एक तास जास्त थांबवायचे.

शिवाय प्रत्येक गाडीत काचेखाली एक यंत्र बसवलेलं. चाकं फिरली की ते लिहायचं 'काम', चाकं थांबली की लिहायचं 'विश्रांती'. आता हौदावर टँकरांची रांग असायची, कधी दोन तास, कधी आठ. रांग दर दहा मिनिटांनी एका गाडीएवढी पुढे सरकायची, म्हणजे डोळा लागायची सोय नाही. लागलाच तर मागचा हॉर्न मारून उठवायचा. एवढंसं सरकणं यंत्राच्या खिजगणतीत नव्हतं. त्याच्या लेखी ड्रायव्हर आठ तास गाढ झोपला आणि ताजातवाना झाला. लगेच ऑफिसातून फोन, "तुमची विश्रांती पूर्ण झालेली दिसते. निघा पुढच्या खेपेला." यंत्रासारखा साक्षीदार मिळणार नाही बघा, खोटं बोलतं पण अडखळत नाही.

हे सगळं सावकाश मुकाट्याने सोसत होता, कारण त्याला क्वार्टर हवं होतं. कॅम्पच्या पलीकडे, रस्त्याच्या बऱ्या बाजूला, कुटुंबवाल्यांसाठी दोन खोल्यांची बारा घरं होती. स्वतःचा नळ, स्वतःचं दार आणि दाराला कडी. ज्या ड्रायव्हरच्या नावावर सात वर्षं एकही तक्रार नाही, म्हणजे त्याच्याविरुद्धही नाही आणि त्याने केलेलीही नाही, त्याला 'समाधानी चालक' म्हणून तिथे घर मिळायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सात वर्षं खाल्ला की समाधान पूर्ण होतं असा हिशोब. सावकाशची सहा वर्षं अकरा महिने होत आले होते. नोकरीला लागला तेव्हा लेक चार वर्षांची होती. आता ती अकराला आली होती, आणि तो सुट्टीवर घरी गेला की पहिले दोन दिवस आईच्या मागे उभी राहून त्याच्याशी बोलायची. तिसऱ्या दिवशी कुठे हसायला लागायची, तर चौथ्या दिवशी याची सुट्टी संपायची.

"या वेळी नक्की ना?" बायको फोनवर विचारायची.

"यादीत पहिलं नाव आहे माझं."

"मागच्या वर्षी तिसरं होतं, तेव्हाही असंच म्हणाला होतात."

"अगं, पहिल्याच्या वर काही असतं का?"

"तुमच्या कंपनीत असेलही," ती म्हणायची, पण पडद्याचं माप विचारून घ्यायची. नऊ नंबरचं क्वार्टर रिकामं झालं होतं. सावकाशने त्याची खिडकी बाहेरून वितीने मोजून ठेवली होती.

तर त्या थंडीत काय झालं ते ऐका. खाट वाटून घेण्यात दहा दुःखं असली तरी थंडीत एक सुख असतं, आपण येतो तेव्हा अंथरूण आयतं ऊबदार मिळतं. गेली दोन वर्षं सावकाशला एकच खाटभाऊ होता. त्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण माणूस माहितीचा झाला होता. उशीला आवळ्याच्या तेलाचा वास यायचा. खाटेच्या डाव्या अंगाला झोपायचा, कारण तिकडची पट्टी सैल झाली होती. उठताना चादर झटकून जायचा, म्हणजे घरचं वळण बरं असावं. एकदा त्याने उशीखाली अर्धा बिस्किटाचा पुडा ठेवला, सावकाशने उलट साबणाची वडी ठेवली. सख्ख्या भावांत आजकाल एवढीही देवाणघेवाण नसते.

एका संध्याकाळी सावकाश परत आला तर अंथरूण गार. सकाळी त्याने गादीखाली जशी चादर खोचली होती तशीच्या तशी, सुरकुतीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला वाटलं, खाटभावाने कुठे दुसरी सोय लावली असेल, ओळखीपाळखीत. चला, सुंठीवाचून खोकला गेला. आख्खी चादर आपली, उशीलाही आपलाच वास. खरं सांगायचं तर तो खूश झाला. मध्ये एखाद्या दिवशी अंथरूण ऊबदार लागलं तर त्याला उलट जरा हिरमुसल्यासारखं झालं.

पण पत्र्याच्या डब्यात थंडी माणसाला सोडत नाही. आठवडा झाला तशी पाठ धरली. सावकाश मुकादमाकडे गेला आणि आणखी एक ब्लँकेट मागितलं. मुकादमाने रजिस्टर उघडलं.

"कारण काय लिहू?"

"लिहा, खाट थंड असते."

मुकादमाने पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "ही तक्रार आहे का?"

"छे छे," सावकाश घाबरला. "माहिती आहे."

"मग हरकत नाही," मुकादम म्हणाला आणि तारीख घालून लिहिलं.

आता एवढा विचार करून बोलणारा माणूस. पण आपला खाटभाऊ झोपायला येत नाही तर झोपतो कुठे, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यात आला नाही. स्वतःच्या पाठीला ऊब मिळाली की माणसाचं डोकं तिथेच थांबतं, काय करणार.

बाराव्या दिवशी सकाळी हौदाच्या रांगेत बातमी आली. रात्रपाळीचा एक टँकर रस्ता सोडून खाली गेला होता. रस्ता सरळसोट, वळण नाही, खड्डा नाही, समोरून कुणी येत नव्हतं. ड्रायव्हर जिवंत होता, दोन्ही पाय मोडले होते. असे अपघात व्हायचेच, रोज मरे त्याला कोण रडे. रांगेतल्यांनी चुकचुक केलं आणि गाड्या एकेक घर पुढे घेतल्या. संध्याकाळी सावकाश डब्यात आला तेव्हा मुकादम त्याच्या खाटेखाली वाकून एक पिशवी ओढत होता. "तुझ्या भागीदाराची," तो म्हणाला. "दवाखान्यात पाठवायचीय." पिशवीत दोन शर्ट होते आणि आवळ्याच्या तेलाची बाटली. सावकाश खाटेवर बसला आणि जेवायला गेलाच नाही.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की ही चालकाची हलगर्जी. यंत्रात रोजची आठ तास विश्रांती स्पष्ट दिसते, वर कंपनीने खाटही दिलेली आहे, तरी हा माणूस स्टिअरिंगवर झोपतो म्हणजे काय? हलगर्जी सिद्ध झाली की लायसन्स रद्द, नोकरी गेली आणि दवाखान्याचा उपचारही बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण बाहेरून एक तपासनीस येणार होता, आणि त्याच्यासमोर ठेवायला यंत्राच्या कागदाबरोबर एखाद्या जित्याजागत्या माणसाचा जबाब हवा होता. असा माणूस जगात एकच होता.

सुरक्षा साहेबांनी सावकाशला बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सहा वर्षांत त्या ऑफिसात त्याला खुर्ची मिळाली नव्हती, त्यामुळे तो अगदी कडेला टेकला. चहा आला. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता आणि कागदाच्या शेजारी एक किल्ली. किल्लीला बिल्ला होता, नऊ नंबरचा.

"वाचून घ्या आणि सही करा," साहेब म्हणाले.

कागदावर लिहिलं होतं की माझा खाटेचा भागीदार रोज दिवसा आमच्या खाटेवर आठ तास झोपत असे, हे मला माहीत आहे.

सावकाशने दोनदा वाचलं. "साहेब, मी दिवसा गाडीवर असतो. तो झोपला ते मला कसं दिसणार?"

"बरोबर. झोपला नाही, हेही तुम्हाला दिसलेलं नाही." साहेब हसले. "मग चांगलं तेच धरून चालायचं. माणसाविषयी वाईट कशाला बोला?"

"मला जरा विचार करू द्या."

"करा की. सावकाश करा," साहेब म्हणाले आणि किल्ली बोटाने थोडी त्याच्याकडे सरकवली. "उद्या सकाळी तपासनीस येणार आहेत. तोपर्यंत."

संध्याकाळी त्याने बायकोला फोन लावला आणि झाडून सगळं सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सही केली तर महिन्याच्या एक तारखेला बायको आणि लेक नऊ नंबरात. नाही केली तर काय, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरज नव्हती.

"पडद्याचं कापड आणलंय मी," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"शिवूनही झालेत."

मग तिनेच विचारलं.

"त्याला बायको-पोरं आहेत?"

"माहीत नाही गं. दोन वर्षं एका उशीवर डोकं ठेवतो आम्ही, पण विचारणार कधी?"

"तुम्ही ठरवलंय काय करायचं ते. मला कळतं तुमच्या आवाजावरून." ती चिडली होती. "मग मला कशाला विचारता? मी नाही म्हटलं तर मी वाईट, आणि हो म्हटलं तर पडदे घेऊन बसते आयुष्यभर." तिने फोन ठेवला.

सावकाश त्या खाटेवर आडवा झाला तेव्हा त्याला लाज वाटली. दुसरा शब्द नाही, लाजच. आपण आख्खी चादर मिळाली म्हणून खूश होतो, आणि तो आवळ्याच्या तेलाचा माणूस रात्रभर गाडी हाकून दिवसभर हौदाच्या रांगेत मान टाकून बसला होता, हॉर्न वाजला की दचकून गाडी एक घर पुढे घेत होता. आणि आपण काय केलं, तर ब्लँकेट मागितलं.

सकाळी तपासनीस आले. वयस्क माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जे ऐकेल ते लिहून घ्यायची सवय. सुरक्षा साहेबांनी कागद पुढे केला. सावकाशने तो हातात घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, खाट थंड होती."

"म्हणजे?" तपासनिसांनी विचारलं.

"माणूस तासाभरापूर्वी उठून गेला असला की अंथरूण ऊबदार लागतं. दोन वर्षं लागत होतं. अपघाताआधीच्या अकरा दिवसांत तीनदा लागलं. बाकीचे आठ दिवस तो झोपायला आलाच नाही."

"यंत्र तर विश्रांती दाखवतंय."

"यंत्राला रांगेत बसवून बघा एकदा, साहेब. दर दहा मिनिटांनी हॉर्न मारायला मी येतो."

सुरक्षा साहेब मध्येच म्हणाले, "खाट गरम आणि खाट थंड, हा काय पुरावा झाला? उद्या कुणीही काहीही सांगेल."

"मुकादमांकडे ब्लँकेटचं रजिस्टर आहे," सावकाश म्हणाला. "तारखेसकट लिहिलंय."

मुकादमाला बोलावलं. त्याने रजिस्टर छातीशी धरून आणलं, पान काढलं आणि वाचलं, "जादा ब्लँकेट एक. कारण, खाट थंड असते." तारीख अपघाताच्या चार दिवस आधीची. मग त्याला वाटलं सावकाशला सांभाळून घ्यावं, म्हणून त्याने आपल्या परीने भर घातली, "तक्रार नव्हती साहेब. नुसती माहिती होती." तपासनिसांनी तेही लिहून घेतलं. सुरक्षा साहेबांनी किल्ली उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. चालकाची हलगर्जी सिद्ध होत नाही, लायसन्स राहील, उपचार चालू राहतील. डब्याडब्यांतून सावकाशच्या पाठीवर थापा पडल्या. त्याच संध्याकाळी क्वार्टरची यादी लागली आणि तीत त्याचं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं तर कारकुनाने शांतपणे सांगितलं, की चौकशीत असं आढळलं आहे की ब्लँकेटची ती नोंद तक्रार या सदरात मोडते, तेव्हा तुमची सात वर्षं त्या तारखेपासून नव्याने सुरू. सावकाशने बोटं मोजली. लेक अठराची होईल.

एवढ्यावर भागलं असतं तर कंपनी कसली. दोन दिवसांनी पाटीखाली सूचना चिकटवली. चौकशीत असं निदर्शनास आलं आहे की कॅम्पातील खाटा दिवसाचा बराच काळ रिकाम्या राहतात. ही उधळपट्टी टाळण्यासाठी एक तारखेपासून प्रत्येक खाटेवर तीन चालकांची सोय करण्यात येत आहे. झोप आठ तासांची, दिवस चोवीस तासांचा, गणित चोख. काम बारा तासांचं आणि खाट आठ तासांची, मग मधले चार तास माणसाने कुठे उभं राहायचं, हे सूचनेत नव्हतं. पाठीवर थापा मारणारे हात खिशात गेले. "तू तोंड उघडलंस आणि तिसरा आमच्या उरावर आला," एकाने तोंडावर सुनावलं. आणि ते खरं होतं.

बायकोला त्याने फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "त्याला बघून या एकदा. ज्याच्यासाठी घर गेलं त्याचं तोंड तरी बघा."

एक तारखेला त्याची सुट्टी होती. तो बसने दवाखान्यात गेला. दहा खाटांची खोली, खिडकीशेजारी एक तरुण पोरगा दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. सावकाशला वाटलं होतं आपल्याच वयाचा असेल. खाटेपाशी पोचून तो नुसता उभा राहिला.

"तुम्ही सावकाश ना?" पोरगा म्हणाला.

"कसं ओळखलंस?"

"दारापासून इथपर्यंत यायला किती वेळ लावलात." मग तो ओशाळला. "माफ करा दादा. ऐन थंडीत तुम्हाला गार खाटेवर झोपावं लागलं माझ्यामुळे."

सावकाशने आणलेली बिस्किटं उशाशी ठेवली आणि स्टुलावर बसला. पोरग्याला सहा महिन्यांनी कामावर यायचं होतं. चौकशीत काय झालं ते त्याला कळलं होतं, पण उडत उडत, कंपनीच्या माणसाकडून. यादीचं आणि सूचनेचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आज एक तारीख," पोरगा एकदम म्हणाला. "क्वार्टर मिळालं असेल ना तुम्हाला? सगळे म्हणायचे, तुमचं पहिलं नाव आहे."

सावकाश जन्मात पहिल्यांदा विचार न करता बोलला. "मिळालं."

"वहिनी आल्या?"

"आली. पडदे लावत बसलीय. म्हणून उशीर झाला मला."

पोरग्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की सावकाशला तिकडे बघवेना. कॅम्पात त्या घडीला त्यांच्या खाटेवर कुणी तिसराच घोरत होता आणि झोपेतसुद्धा चौथा नको म्हणून देवाला विनवत होता.

"म्हणजे आता ती खाट माझ्या एकट्याची," पोरगा डोळे न उघडता म्हणाला. "पाय बरे झाले की येऊन आधी दोन दिवस नुसता झोपणार आहे, दादा. कुणी उठवायचं नाही."

"कोण उठवतंय तुला," सावकाश म्हणाला. "झोप."